कंडक्टरबाईंचा तोल

त्या जिना चढून वर आल्या त्या दोन्ही हात भिंतीला टेकतच. माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक नळदुर्गच्या बसस्टँडसमोर, टायरच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर आहे. पाठ धरलेले, खांदा आखडलेले ट्रकड्रायव्हर रोज तो जिना चढतात आणि वर आले की जिन्याच्या नावानं दोन शिव्या हासडतात. या बाईंनी शिवी दिली नाही. दारात थांबून चौकट घट्ट धरली आणि डोळे मिटून म्हणाल्या, "जरा दम धरा बाई. तुमची खोली फिरायलीय. थांबली की आत येते."

मी त्यांना ओळखलं. तुळजापूर, अक्कलकोट, जळकोट या बाजूला एसटीनं फिरणारं कुणीही त्यांना ओळखतं. मी कॉलेजला होते तेव्हा त्यांच्याच बसनं जायची. बस खड्ड्यातनं जावो नाहीतर वळणावरनं, या कंडक्टरबाई कधी दांडी धरत नसत. एका हातात तिकिटाचं मशीन, दुसऱ्या हातात नोटा, पाय जरासे फाकलेले, आणि पुढच्या दारापासून मागच्या बाकापर्यंत अशा चालत जायच्या की बस उभीच आहे असं वाटावं. आम्ही पोरी दांडीला लटकून हेलकावे खायचो आणि त्या आमच्यावर ओरडायच्या, "नीट हुभं ऱ्हावा की गं! अंगात जीव न्हाय का?"

त्याच बाई आता माझ्या दाराची चौकट सोडायला तयार नव्हत्या.

ताप येऊन गेला होता, साधाच, आठवड्यात उतरला. मग एका सकाळी त्या अंथरुणात उठून बसल्या आणि घराचं छत गरागरा फिरायला लागलं. घरच्यांना वाटलं पित्त झालंय. शेजारी म्हणाले मानेचे मणके. शेवटी सोलापूरच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी निदान केलं: डाव्या कानाच्या आतल्या बाजूला तोलाची जी नस असते, तिला सूज. औषधानं उलट्या थांबल्या, मोठी चक्कर गेली. पण चालताना झोक जायचा तो राहिलाच. त्या रजेवर होत्या. गरज पडली तर ऑफिसात बसून करायचं काम देऊ, असं डेपोच्या साहेबांनी सांगितलं होतं.

"टेबलाला टेकून मी काय माश्या मारू?" त्या मला म्हणाल्या. "बाई, मला बशीत परत हुभं करा. बाकी काय मागत न्हाय."

मी म्हटलं, "करते." मी उगाच धीर द्यायला बोलले नव्हते. कानाच्या तक्रारीनं तोल गेलेले पेशंट मी आधी हाताळले होते, आणि मेंदूला शिकवलं तर तो शिकतो हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

पहिल्या दिवशी मी त्यांना दोन्ही पाय जुळवून उभं केलं. डोळे उघडे होते तोवर जमलं. डोळे मिटायला सांगितले आणि त्या डावीकडं अशा कलल्या की मी हात पुढं केलेलाच होता म्हणून निभावलं. मी त्यांना समजावून सांगितलं, "मावशी, आपल्या प्रत्येक कानात आत पाण्यानं भरलेल्या बारीक वाकड्या नळ्या असतात. डोकं वळलं की आतलं पाणी हलतं आणि मेंदूला कळतं, मान किती फिरली. तुमचा उजवा कान बरोबर सांगतोय, डावा अर्धवट सांगतोय. म्हणून मेंदू गोंधळलाय. सध्या तुमचा सगळा भार डोळ्यांवर आहे. डोळे मिटले की आधार गेला."

"म्हंजे डावा कान खोटं बोलायलाय?"

"खोटं नाही, कमी बोलतोय. आता त्या कमी बोलण्याचा अर्थ लावायला मेंदूला शिकवायचंय."

अंगठ्यावर नजर रोखून मान हलवायची, एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं लावत चालायचं, उशीवर उभं राहायचं, असे व्यायाम सुरू झाले. त्यांनी ते नेमानं केले. बंद खोलीत पावलं ठीक पडू लागली. पण बाजारात गेल्या, आजूबाजूनं माणसं आणि गाड्या हलू लागल्या, की परत झोक जायचा. डोळ्यांपुढचं जग हललं की आपणच हललो, असं त्यांच्या मेंदूला वाटायचं. चालत्या बसमध्ये तर खिडक्यांतनं दोन्हीकडनं जग पळत असतं.

त्यासाठी मला तो हेडसेट वापरायचा होता.

हैदराबादला एका कार्यशाळेत मी तो पाहिला होता आणि वर्षभरापूर्वी घेतला होता. डोळ्यांवर चढवायचा, की पुढं चित्रातलं जग उभं राहतं. मान वळवली की ते जग उलट्या बाजूला सरकतं, पाऊल पुढं टाकलं की जवळ येतं, अगदी खरं असल्यासारखं. खांदा आखडलेल्या पेशंटांना मी त्यात फुगे फोडायला लावायची. दुखतंय हे विसरून माणसं हात वर न्यायची. मावशींसाठी मी त्यातला बाजाराचा देखावा निवडला. आधी सगळं स्थिर ठेवायचं, मग हळूहळू माणसं हलवायची, असा माझा बेत होता.

मी त्यांना खोलीच्या मधोमध उभं केलं, हेडसेट चढवला, मागं स्वतः उभी राहिले. सुरुवातीला त्या खूश झाल्या. "अगं बया, भाजी मांडलीय की!" मग मी सांगितलं, एक पाऊल पुढं टाका. त्यांनी पाऊल टाकलं आणि किंचाळल्या. "बाई, जमीन सरकायलीय! धरा मला!" त्या माझ्या अंगावर आल्या आणि आम्ही दोघी गादीवर बसलो. हेडसेट मी ओढून काढला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

पाणी पिऊन झाल्यावर त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ह्यो डबा मला न्हाय सोसायचा. माझं मलाच आवरंना, त्यात ह्येची भर."

पुढच्या वेळेला त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या वेळेलाही नाही.

मला हे डाचत राहिलं. त्यांना चक्कर आली असती तर मी समजून घेतलं असतं. पण त्या म्हणाल्या होत्या, जमीन सरकली. हे चक्कर येण्याचं बोलणं नव्हतं. चक्कर आलेला माणूस म्हणतो, सगळं फिरलं. मी स्वतः हेडसेट चढवून त्याच जागी उभी राहिले. काही न करता गप उभी. आणि खरंच, बाजाराची फरशी हळूच डावीकडं निघाली, थांबली, मग झटका देऊन परत जागेवर आली. चूक मावशींच्या कानाची नव्हती. हेडसेटलाच आपण कुठं आहोत ते कळत नव्हतं.

पण तोच हेडसेट क्लिनिकच्या जुन्या जागेत कित्येक महिने सुरळीत चालला होता. या नव्या जागेत आल्यापासून मी तो पहिल्यांदाच बाहेर काढला होता. यंत्र तेच, मीही तीच. बदलली होती ती खोली.

माझे यजमान इथल्याच शाळेत विज्ञान शिकवतात. रविवारी सकाळी मी त्यांना क्लिनिकवर घेऊन गेले. त्यांनी आधी माहितीपत्रक वाचलं, मग हेडसेट उलटसुलट करून पाहिला. कोपऱ्यांवर बारीक कॅमेरे होते. ते म्हणाले, "ह्याच्या पोटात तुझ्या त्या कानासारखंच काहीतरी आहे. एक भाग वळणं मोजतो, एक भाग झटका मोजतो, सेकंदाला शेकडो वेळा. त्यावरनं हे यंत्र अंदाज बांधतं, आपण किती सरकलो ते."

"मग अंदाज चुकतो का?"

"वर गच्चीवर चल."

गच्चीवर त्यांनी मला कठड्यापासून दूर उभं केलं आणि डोळे मिटून समोरच्या दाराकडं सरळ चालायला सांगितलं. मला खात्री होती, मी सरळच चालतेय. डोळे उघडले तर हात पाण्याच्या टाकीला लागला होता. दार पार उजवीकडं होतं. "दर पावलाला जरा जरा चुकलीस," ते म्हणाले, "आणि चुकीवर चूक चढत गेली. ह्या यंत्राचंही तेच. नुसत्या अंदाजावर सोडलं तर क्षणात भरकटतं. म्हणून त्याला डोळे दिलेत. कॅमेरे खोलीतल्या खुणा धरून ठेवतात, कोपरे, कडा, डाग, आणि त्या किती सरकल्या ते पाहून अंदाज दुरुस्त करतात."

मी खाली येऊन माझी खोली पाहिली. जुनी जागा हमरस्त्याला लागून होती. तिथं भिंतीचे पोपडे निघालेले, वायरी लोंबकळणाऱ्या, तीन-चार वर्षांची कॅलेंडरं एकावर एक. नव्या जागेत मी हौसेनं सगळं पांढरं करून घेतलं होतं. भिंती पांढऱ्या, फरशी पांढरी, पडदेसुद्धा पांढरे. पेशंटला स्वतःची चाल दिसावी म्हणून एका भिंतीभर आरसा. आणि वर गरगर फिरणारा पंखा. हेडसेटच्या डोळ्यांना धरायला त्या खोलीत काय होतं? एक आरसा, ज्यातली खोली खोटी. आणि एक पंखा, जो क्षणभर थांबत नव्हता.

मग आम्ही दुपारपर्यंत तपासतच बसलो. कॅमेऱ्यांवर रुमाल टाकला तर मान वळलेली तेवढी त्याला कळायची, पण पाऊल टाकलेलं कळायचं नाही. आरशावर चादर लावली तर फरशीचे झटके कमी झाले. पंखा बंद केला तर आणखी कमी. यजमानांनी शाळेतनं तक्ते आणले, पण सगळे एकसारखे, पाढ्यांचे. ते ओळीनं लावले तर हेडसेट परत घोटाळला. एक चौकोन दुसऱ्यासारखाच, तर ओळखायचं कसं? ते काढून आम्ही मिळेल ते लावलं: हाडांचा तक्ता, जिल्ह्याचा नकाशा, जुन्या दिनदर्शिका, वर्तमानपत्रातली रंगीत पानं, कुठं सरळ, कुठं तिरपं. माझी देखणी खोली पानटपरीसारखी झाली. हेडसेट चढवला. फरशी जागची हलली नाही. मी उडी मारून पाहिली, बसून पाहिलं, कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. बाजार जिथल्या तिथं.

आता मावशींना परत आणायचं होतं, आणि फोनवर हे काही सांगता येण्यासारखं नव्हतं. मी हेडसेट पिशवीत घालून त्यांच्या घरी गेले. त्या किल्ल्याकडच्या बाजूला राहतात. त्यांनी आगत-स्वागत केलं, सुनेला चहा ठेवायला सांगितला, पण पिशवीतनं हेडसेट निघाला तसा त्यांचा चेहरा बदलला.

"त्ये आणलंच का तुमी?"

"मावशी, त्या दिवशी तुम्ही बरोबर होता. जमीन खरंच सरकली होती. मी स्वतः पाहिली."

"म्हंजे मी न्हाय चुकले?"

"नाही. हा चुकला होता."

मी त्यांना सगळं सांगितलं. यंत्राच्या आतला कान, बाहेरचे डोळे, पांढऱ्या भिंती, आरसा. त्यांनी मधेच हात वर केला. "थांबा. म्हंजे ह्येला माझाच आजार झालता की! कान धड न्हाय, म्हणून डोळ्यावर भार. आन् डोळ्याला कायबी दिसंना."

"तसंच."

"मग गरिबाला इनाकारण शिव्या घातल्या मी," त्या म्हणाल्या आणि ताप आल्यापासून पहिल्यांदाच मोठ्यानं हसल्या असाव्यात, कारण सून चहाची गाळणी हातात घेऊन बाहेर डोकावली.

त्यांची ती बैठकीची खोली हेडसेटला अगदी मानवेल अशी होती. फोटो, शोकेस, देव्हारा, दाराला तोरण, कपाटावर रचलेल्या पेट्या, एकही वस्तू दुसरीसारखी नाही. मी म्हटलं, इथंच लावून बघा, सोफ्याला हात ठेवून. त्यांनी लावला. एक पाऊल टाकलं. थांबल्या. दुसरं टाकलं. "हुभाय बाजार," त्या म्हणाल्या. "जागचा हलंना." मग त्यांनी सोफ्यावरचा हात स्वतःहून काढला.

त्यानंतर त्या नियमानं येत राहिल्या. तिरप्या कागदांनी भरलेली खोली पाहून पहिल्या दिवशी म्हणाल्या, "एसटी स्टँडावरची भिंत इथं आणून लावलीय व्हय?" आम्ही बाजारात आधी एक माणूस हलवला, मग चार, मग गर्दी. मग गाड्या. त्या गर्दीतनं मान दोन्हीकडं वळवत चालायला शिकल्या. झोक जायचा, पण त्या तो सावरायच्या, आणि सावरणं दिवसेंदिवस लवकर व्हायला लागलं. हेडसेटबरोबर दोन्ही हातांत धरायच्या छोट्या मुठी येतात, त्यांच्यावर असे बारीक दिवे असतात की ते आपल्याला दिसत नाहीत, पण हेडसेटच्या कॅमेऱ्यांना दिसतात आणि त्यावरनं त्याला हात कुठं आहेत ते कळतं. दुपारी पश्चिमेचं ऊन खिडकीतनं सरळ आत आलं की कॅमेऱ्यांना ते दिवे सापडायचे नाहीत आणि चित्रातले हात गायब व्हायचे. म्हणून आम्ही खिडक्यांना जाड पडदे लावून ट्यूबलाइटच्या उजेडात काम करायचो.

अशाच एका दुपारी मावशी गर्दीच्या मधोमध होत्या आणि लाइट गेली.

इन्व्हर्टरची बॅटरी दुरुस्तीला गेलेली. जाड पडद्यांमुळं खोलीत मिट्ट अंधार झाला. हेडसेट आपल्या बॅटरीवर चालूच राहिला, पण त्याच्या कॅमेऱ्यांना आता काहीच दिसत नव्हतं. आत काय होत असणार ते मला ठाऊक होतं: बाजार निसटला असणार, गर्दी घेऊन एका बाजूला वाहत निघाला असणार. मी अंधारात हात पुढं करून त्यांच्याकडं झेपावले.

"धरू नका," मावशी म्हणाल्या.

मी थांबले.

"ह्येचे डोळे गेले," त्या म्हणाल्या. आवाज बसमधला होता, खणखणीत. "बाजार निघाला कुठंतरी. जाऊ द्या. मी डोळं मिटलेत."

"पडणार नाही ना?"

"पाय खाली हायत माझे. मला कळायलंय."

मी एका हातानं पडदा ओढला. उजेड आला. मावशी खोलीच्या मधोमध, पाय जुळवून, हात सोडून, डोक्यावर हेडसेट घेऊन उभ्या होत्या. ताठ. डावीकडं थोडासा कल गेला, तसा त्यांनी तो घोट्यातनंच सावरला. मी त्यांच्या शेजारी नुसती उभी राहिले. मला रडू येईल असं वाटत होतं आणि पेशंटसमोर मी रडत नाही.

हेडसेट काढून त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "आता मला बशीत बसवा."

मी म्हटलं, "बसवते कशाला? उभं करते."

आधी आम्ही दोघी प्रवासी म्हणून गेलो, नळदुर्ग ते तुळजापूर, त्या दांडीजवळ उभ्या. ड्रायव्हरनं आरशात त्यांना पाहिलं आणि गाडी अशी हाकली की जणू मागं अंड्यांच्या टोपल्या ठेवल्यात. मावशींनी त्याला पुढं जाऊन सुनावलं, "रोजच्यासारखी चालव की रं! मी परीक्षेला आलेय." मग त्यानं रोजच्यासारखी चालवली. दोन वळणांना त्यांनी दांडी पकडली. तिसऱ्याला नुसता हात जवळ नेला. परतीच्या गाडीत एका म्हाताऱ्या आजीची पिशवी वर ठेवायला त्यांनी दोन्ही हात वर केले, आणि आपण काय केलं हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. माझ्या आलं.

सोलापूरच्या डॉक्टरांनी तपासून कामाला हरकत नसल्याचं लिहून दिलं, आणि त्या कामावर रुजू झाल्या. पूर्ण पूर्वीसारख्या झाल्या, असं मी म्हणणार नाही. फार दमल्या, झोप झाली नाही, की अजून डावीकडं ओढल्यासारखं होतं, तेव्हा त्या दांडी धरतात. त्याचं त्यांना काही वाटत नाही.

परवा मी अक्कलकोटला निघाले होते. गाडी खचाखच. मागून ओळखीचा आवाज आला, "सरका, सरका, आत जागा हाय." त्या गर्दीतनं वाट काढत माझ्यापर्यंत आल्या. मला पाहून हसल्या, शेजारच्या प्रवाशाला म्हणाल्या, "ह्या आमच्या डॉक्टरीण बाई. ह्यांच्याकडं गेलास तर खोली बघून भिऊ नको." गाडीनं खड्डा घेतला. मी दांडीला लटकले होते, माझा खांदा समोरच्या बाकावर आपटला.

मावशींनी तिकीट माझ्या हातात ठेवलं. "नीट हुभं ऱ्हावा," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या बाकाकडं गेल्या.